हलक्या लोडची गाडी

वीस वर्षं मी कोळसा वाहिला. कन्हानच्या आसपासच्या खाणींतून निघायचं, कोराडीच्या वीज केंद्रात खाली करायचं, परत फिरायचं. भरलेला टिप्पर रस्त्यावर असा बसून चालतो की चाकाखालचं डांबर दबल्याचं आपल्याला बुडाखाली कळतं. त्या वीस वर्षांत मला उताराचं भय कळलं, तापलेल्या ब्रेकचं कळलं, पावसात चिकट झालेल्या काळ्या मातीचं कळलं. वाऱ्याचं मात्र कधी वाटलंच नाही. एप्रिल-मे महिन्यात दुपार कलली की आमच्याकडे वारा-वावधान सुटतं. मोटारसायकलवाले गाड्या टाकून पुलाखाली पळतात, बाया पदर दातात धरून चालतात. आम्ही काच वर करायचो आणि पुढे निघायचो. भरल्या टिप्परला वारा काय करणार?

त्रेचाळिसाव्या वर्षी खोकला जाईना. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि कोळशाची धूळ सोडायला सांगितली. गाडी सोडा असं ते म्हणाले नाहीत, आणि मला दुसरं काही येतही नव्हतं. म्हणून मी एका ट्रान्सपोर्टमध्ये कंटेनर घेतला. बत्तीस फुटी, चहूबाजूंनी पत्र्याने बंद. आत प्लास्टिकचे डबे, वेफर्सची खोकी, रिकाम्या बाटल्या, असा माल. हात-पाय स्वच्छ राहायचे. बायको म्हणायची, "आता तुमचा सदरा धुतला म्हंजे पाणी काळं नाही निघत." मला ते काम सुखाचं वाटलं. पहिल्या वर्षात दोनचारदा गाडी वाऱ्यात हलली, पण मी ते नवीन स्प्रिंगांवर ढकललं.

मे महिन्यात आमच्या गाड्यांना कूलरचा माल लागतो. त्या दिवशी बुटीबोरीहून प्लास्टिकचे कूलर भरले होते, चंद्रपूरला टाकायचे होते. कूलर आतून पोकळ. गाडी छतापर्यंत भरली, दार जेमतेम लागलं, पण धर्मकाट्यावर वजन पाहिलं तर कोळशाच्या एका खेपेच्या दहाव्या हिश्शाइतकंही नव्हतं. मला हसू आलं. म्हटलं, आज गाडी पळेल.

बुटीबोरीच्या पुढे एका ढाब्यावर जेवलो. आमच्याच ट्रान्सपोर्टचे एक जुने ड्रायव्हर तिथे होते. मिशा पांढऱ्या झालेले, तीस वर्षं कंटेनरवर काढलेले, निवृत्तीला टेकलेले. त्यांच्याही गाडीत कूलरच. जेवण झाल्यावर ते बाहेर गेले, पश्चिमेकडे पाहिलं आणि गाडी वळवून तोंड पश्चिमेला करून उभी केली. तिकडे आभाळ खालून पिवळं पडलं होतं, वरून निळं-काळं.

"थांब गा," ते मला म्हणाले. "हे निघू दे."

"अर्ध्या तासात जामच्या चौकात पोचतो ना, काका."

"अर्धा तास तुह्या हातात नाई."

मी हसलो. "काका, वीस वर्षं झाली मले स्टेरिंगवर."

"कोळशात," ते म्हणाले. मी निघालो.

घाई होती असं म्हणायला मला आवडलं असतं. घाई नव्हती. माल दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचा होता. मी निघालो कारण मला कोणी थांबवावं हे पटलं नाही. एवढंच.

पहिल्या दहा मिनिटांत काही झालं नाही. उजव्या हाताला गोदामांची लांब ओळ होती आणि तिने वारा अडवला होता. मला ते कळलं नाही. मला वाटलं, पाहा, काही नाही. वेगाचा काटा साठावर होता. गोदामं संपली, पुढे एक नाला, नाल्यावर पूल, आणि पुलापलीकडे दोन्ही बाजूंना नांगरलेली उघडी वावरं. पूल ओलांडला आणि उजवीकडून झोत आला.

हिसका बसला नाही. कोणीतरी संपूर्ण रस्ताच डावीकडे सरकवावा तसं वाटलं. स्टेअरिंग एकदम हलकं झालं. मी ते जोरात उजवीकडे ओढलं. तेवढ्यात वारा पडला आणि गाडी उजवीकडच्या दुभाजकावर धावली. मी डावीकडे ओढलं, मग कडेच्या मातीत चाक उतरलं म्हणून पुन्हा उजवीकडे. दुसरा झोत आला तेव्हा मी गाडी उजवीकडे ओढतच होतो. उजवीकडे वळताना उंच गाडी डावीकडे झुकते, हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं. वाराही डावीकडेच ढकलत होता. दोघांनी मिळून गाडी आडवी केली.

मी पट्ट्यात लटकलो होतो. गळ्याजवळचं हाड मोडल्याचं कळत होतं, पण दुखत नव्हतं. वरच्या बाजूला आलेलं उजवं दार ढकलून बाहेर आलो. मागचं दार फुटलं होतं आणि कूलर वावरातून गडगडत चालले होते, एकामागे एक. मी एक क्षण तेच पाहत राहिलो. मग पत्र्याखालून आवाज आला.

रस्त्याच्या कडेला एक रसवंती होती. बांबूच्या ताटव्यांची भिंत, वर दोन पत्रे, उसाचा चरक, चार खुर्च्या. गाडी घसरत जाऊन तिच्यावर थांबली होती. चालवणारी बाई साठीच्या आतबाहेरची, वारा आला म्हणून खुर्च्या आत घेत होती. चरकाचं लोखंड तिच्या पायावर पडलं होतं.

"पाय निघून नाई राहिला," ती म्हणाली. ओरडली नाही. दुकानातली एखादी गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मी एका हाताने पत्रा उचलायला गेलो, तो उचलला गेला नाही. मागून आलेल्या बसमधले लोक उतरले, सातआठ जणांनी मिळून लोखंड वर केलं. ॲम्ब्युलन्सने तिला नागपूरला धंतोलीच्या एका हॉस्पिटलात नेलं. मला वेगळ्या गाडीने सरकारी दवाखान्यात.

पोलिसांनी जबाब घेतला. मी सगळं होतं तसं सांगितलं, एक गोष्ट सोडून. ढाब्यावर मला कोणी थांबवलं होतं, हे मी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. गुन्हा नोंदला गेला, लायसन्स काही महिन्यांसाठी गेलं. विम्याचं आणि भरपाईचं वकील पाहत होते. मी घरी आलो. हात गळ्यात बांधलेला, बसून जेवायचो आणि उठून पुन्हा बसायचो.

तिसऱ्या दिवशी धंतोलीला गेलो. तिथल्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, सगळ्या विदर्भातले पेशंट आणि त्यांचे डबे घेऊन आलेले नातेवाईक. जिन्यात बाईंचा मुलगा भेटला. तिशीचा, बुटीबोरीलाच कारखान्यात कामाला. माझा गळ्यातला हात पाहून त्याने ओळखलं.

"काहून आला?"

"मावशींना पाहायला."

"पाहून झालं. आता इकडं दिसू नको."

मी खाली उतरलो. पण घरी गेलो नाही. समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही. कन्हानहून बस, मग ऑटो, मग ती पायरी. मुलगा येता-जाता पाहायचा आणि तोंड फिरवायचा. मी तिथे का बसत होतो, हे बायकोने विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. घरात बसवत नव्हतं, हे खरं. आठवडा झाला असेल. एके दिवशी मुलगा खाली आला, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "माय बोलावून राहिली."

सहा खाटांची खोली होती. बाई खिडकीजवळ, पायाला लोखंडी सळ्या लावलेल्या, उशाला बाबासाहेबांचा लहानसा फोटो. चेहरा उतरलेला, पण डोळे जागे.

"तूच का गा तो?"

"हो, मावशी."

"बस."

मी स्टुलावर बसलो. जे बोलायचं ठरवलं होतं ते बोलायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला.

"माफी माग्याले आला असशीन तं ते ठेव तुह्यापाशी. मले एक सांग. एवढी मोठी गाडी पडली कशी?"

"वारा होता, मावशी. लय वारा होता."

"वारा तं मले बी होता. माही ताटव्याची झोपडी उभी होती. चाळीस पावसाळे पाहिले म्या त्या रस्त्यावर, झोपडी हलली, पण पडली नाई. तुही गाडी तिच्यावर पडली म्हून पडली ते. मंग वारा होता म्हून नोको सांगू. पडली काहून, ते सांग."

मी म्हणालो, "मले नाही माहीत."

"मंग माहीत करून ये," ती म्हणाली आणि डोळे मिटले. मुलाने मला दाराकडे हात दाखवला.

बसमध्ये परत येताना मला पहिल्यांदा राग आला. तिचा नाही. वीस वर्षांहून जास्त मी गाडी चालवत होतो आणि माझी गाडी का पडली ते एका रसवंतीवाल्या बाईला सांगता येत नव्हतं. ठरवलं, हे शोधून काढायचं. कोणाकडे जायचं ते मला ठाऊक होतं, आणि तिथे जाणं सगळ्यात अवघड होतं.

पांढऱ्या मिशांचे काका त्या महिन्यातच निवृत्त झाले होते. मुलगा वीज केंद्रात नोकरीला, म्हणून कोराडीच्या कॉलनीत राहायचे. मी दारात उभा राहिलो तेव्हा ते गादी उन्हात टाकत होते. मला वाटलं होतं, ते म्हणतील, सांगितलं होतं ना. ते म्हणाले, "चहा घेशीन?"

चहा झाला. मी बाईचा प्रश्न सांगितला. त्यांनी तो नीट ऐकला, पुन्हा एकदा सांगायला लावला, मग चपला घातल्या.

"चाल. वारा पाह्याले जाऊ."

स्कूटरवर मागे बसवून त्यांनी मला वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याकडच्या रस्त्यावर नेलं. कोराडीत राहणाऱ्यांना ती राख शिव्या देण्यापुरती माहीत असते. उन्हाळ्यात तळ्याच्या कडा सुकतात आणि दुपारचा वारा राख उचलतो. काका तोंडाला दुपट्टा बांधून उभे राहिले आणि बोट दाखवलं. "बाकी ठिकाणी वारा दिसत नाई. इथं दिसते."

खरंच दिसत होता. बांधाजवळ राख वाहणारा एक रिकामा टँकर, बल्कर, उभा होता. राखेचा पट्टा त्याच्या अंगावर यायचा, अडायचा, आणि मग तीन वाटा करायचा. काही राख खालून निसटायची, काही वरून उडी मारायची, काही पुढून-मागून वळायची. पलीकडच्या बाजूला मात्र ती गोल गोल फिरत राहायची, जणू तिथे खड्डा आहे. पुढे एक भिंत होती. भिंतीच्या आडोशाला राख शांत पडलेली, आणि भिंत जिथे संपत होती नेमकी तिथे ती झरझर धावत होती, उघड्या मैदानापेक्षाही जोरात.

"ते तुही गोदामं," काका म्हणाले. "आणि ते संपली तो तुहा पूल."



ते एकेक सांगत गेले, माझ्या शिकलेल्या-न शिकलेल्याचा हिशेब न करता. सुपात दाणे असले की सूप हलत नाही, नुसतं भूस असलं की फुंकरीने जातं. तुझी गाडी भरलेली नव्हती, फुगलेली होती. अंग मोठं, वजन नाही. वारा आल्यावर स्टेअरिंगशी कुस्ती खेळायची नाही. दोन्ही हातांनी धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा, ब्रेक हळू, आणि जेवढं ढकललं तेवढंच परत आणायचं. तू जास्त ओढलं. बस शेजारून गेली की वारा क्षणभर अडतो आणि मग दुप्पट लागतो, हे आधीच धरून चालायचं. पुलाच्या आधी, आडोसा संपायच्या आधी वेग कमी. आणि एवढं करूनही काही वाऱ्यांत हलकी गाडी चालवायचीच नसते. कितीही मोठा उस्ताद असला तरी.

"मंग थांबायचं कधी, ते कसं कळते?"

"वारा यायच्या आधी. आल्यावर ठरवाले येळ नसते. पश्चिमेले पाहा, झाडाचे शेंडे पाहा, मोटरसायकलवाला कसा चालून राहिला ते पाहा. आन् थांबला तं तोंड वाऱ्याकडं करून थांब. झाडाखाली नाई, होर्डिंगखाली नाई, तारेखाली नाई. आन् खाली कोणाचं दुकान नाई ना, ते पाहून."

हे शेवटचं सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी त्यांच्याकडे चार वेळा गेलो. तिसऱ्यांदा मीच त्यांना सगळं परत सांगून दाखवलं आणि त्यांनी दोन ठिकाणी चुका काढल्या. चौथ्यांदा चुका निघाल्या नाहीत. मग धंतोलीला गेलो.

मुलगा खोलीतच होता. बाई उशीला टेकून बसली होती. मी बोलायला लागलो आणि दुसऱ्या मिनिटाला कळलं की हे तिला समजत नाही, शब्द गाडीचे होते. खाटेखाली औषधांची दोन रिकामी खोकी पडलेली होती, उभट, सारख्या आकाराची. एका खोक्यात मी सलाइनच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या. दोन्ही खोकी तिच्या समोरच्या टेबलावर कडेने उभी केली.

"मावशी, फुंका."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग फुंकर मारली. रिकामं खोकं आडवं झालं, भरलेलं हललं नाही. तिने ते पुन्हा उभं करायला लावलं आणि पुन्हा फुंकलं. मग मुलाला म्हणाली, "तू फुंक." त्यानेही फुंकलं. मी खोकं हळूच एका बाजूला झुकवत असताना फुंकायला सांगितलं, ते आणखी लवकर पडलं. गोदामांची भिंत म्हणून मी वर्तमानपत्र आडवं धरलं आणि तिच्या फुंकरीत ते बाजूला केलं. शेजारच्या खाटेवरची बाईही मान वळवून पाहू लागली.

"म्हंजे भरली असती तं पडली नसती," ती म्हणाली.

"नसती. आणि हळू असती तरी बहुतेक नसती. आणि उभी असती तर नाहीच."

"हे तुले कोणी आधी नाई सांगतलं?"

खोलीत पंखा फिरत होता. पोलिसांना न सांगितलेली गोष्ट मला तिथे लपवता आली असती. मुलगा दाराशीच उभा होता.

"सांगितलं होतं, मावशी. त्याच दिवशी, पंधरा मिनिटं आधी. मी ऐकलं नाही."

मुलगा दार उघडून बाहेर गेला आणि दार आपटलं. बाई खोक्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ती मला जायला सांगेल.

"हे खरं बोलला," ती शेवटी म्हणाली. "आता का करशीन?"

"गाडी सोडीन म्हणतो."

"सोडून का होईन? तुह्या जागी दुसरा बसंन. त्याले हे माहीत राहीन का?"

"नाही."

"मंग?"

घरी पोचेपर्यंत ठरलं होतं. बायकोला सांगितलं की लायसन्स परत आलं की कंटेनरच मागणार. ती शाळेत पोरांचं जेवण रांधते, बोलण्यात वेळ घालवत नाही. म्हणाली, "भेव वाटत असंन तं दुसरं काम पाहा. पण घरात बसून भेव जाईन, असं नोका समजू."

भय होतंच. लायसन्स आलं तेव्हा हिवाळा लागला होता. ट्रान्सपोर्टवाल्यांनी मला छोटी गाडी देऊ केली, मी नाही म्हटलं. कंटेनर आधी दिलाच नाही त्यांनी, मग काकांनी फोन केला, तेव्हा दिला. पहिल्या रिकाम्या खेपेला पारडीच्या उड्डाणपुलावर चढताना मी वेग विसावर आणला, वारा नव्हता तरी. मी तोंडाने बोलत गाडी चालवायला लागलो. आता आडोसा संपेल. आता बस जाईल. आता हळू. कोणी ऐकलं असतं तर वेडा म्हटलं असतं. दोन महिने असं बोलून चालवलं, मग बोलायची गरज राहिली नाही, हातच बोलायला लागले. निघण्याआधी काट्यावरचं वजन वहीत नाही, हातावर पेनाने लिहायचो, म्हणजे स्टेअरिंग धरलं की समोर दिसावं.

बाई दिवाळीनंतर चालायला लागली. पायात सळई आहे, लंगडते, जिना चढता येत नाही. रसवंती तिने पुन्हा मांडली, पण महामार्गावर नाही, गावात, शाळेसमोर. मी जातो अधूनमधून. ती मला रस देते आणि कुठे कुठे थांबलो ते विचारते, मी सांगतो. मुलगा आजही माझ्याशी बोलत नाही. मी आलो की तो उठून जातो. त्याचं बरोबर आहे, आणि मी त्याला बोलता करण्याचा प्रयत्न करत नाही.

पुढच्या एप्रिलची गोष्ट. सिवनीहून माल आणायचा होता, म्हणून रिकामा कंटेनर घेऊन निघालो होतो. मनसरच्या अलीकडे दुपारी तीनच्या सुमारास समोरच्या मोटारसायकलवाल्याचा सदरा पाठीवर फुगला आणि तो तिरका चालायला लागला. निलगिरीचे शेंडे एकाच बाजूला वाकले होते आणि परत येत नव्हते. एक मोठं अंगण असलेला ढाबा दिसला. मी आत शिरलो, तोंड पश्चिमेला केलं, वर तार नाही, शेजारी टपरी नाही ते पाहिलं आणि इंजिन बंद केलं. तीन कंटेनर आधीच उभे होते. जेवायला थांबलेले.

ऑफिसचा फोन आला. "उभे का आहात? जीपीएसच्या स्क्रीनवर दिसतंय."

"वारा आहे."

"नागपुरात तर काही नाही."

"इथं येऊन राहिला. निघाला की निघतो."

"वर सांगावं लागेल मला."

"सांगा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तेवढ्यात शेजारच्या कंटेनरचा ड्रायव्हर जेवून आला. माझ्याच वयाचा, सिवनीकडचा, अंगाने मजबूत. त्याने गाडी सुरू केली. मी विचारलं, "लोड काय?"

"खाली आहे. रिकामा कंटेनर."

"मग थांबा थोडं. पुढं सगळं उघडं आहे."

तो हसला. "भाऊ, अठरा साल से चलाऊन राहिलो."

ते हसू मी ओळखलं. मला त्याला सगळं सांगता आलं असतं, पण तेवढा वेळ नव्हता, पश्चिमेकडून धुळीची भिंत येताना दिसत होती. गाडी गिअरमध्ये पडली. मी जाऊन त्याच्या गाडीच्या पुढे उभा राहिलो, दोन्ही हात बोनेटवर ठेवून.

त्याने हॉर्न दाबला. मी हललो नाही. त्याने काचेतून डोकं काढून शिव्या दिल्या, हिंदीत आणि मराठीत. ढाब्यावरचे लोक बाहेर आले.

"हट बाजूला! तुह्या बापाची गाडी आहे का?"

"नाही. माझी अशीच पडली होती. खाली एक बाई होती."

तो थांबला नाही, हॉर्न दाबतच राहिला, पण क्लच सोडला नाही. पहिला झोत आला तेव्हा माझ्या डोळ्यांत धूळ गेली आणि मला काही दिसेना. हाताखाली बोनेट थरथरत होतं. मग ते थरथरणं थांबलं. त्याने इंजिन बंद केलं होतं.

पाऊण तास वारा चालला. गाराही पडल्या थोड्या. उभ्या गाड्या आपल्या जागी डुलत होत्या आणि आम्ही ढाब्याच्या भिंतीशी बसलो होतो, तो एका टोकाला, मी दुसऱ्या. तो एकदाही माझ्याकडे वळला नाही. वारा पडला, ऊन आलं. मनसरकडून एक जीप आली, तिच्या ड्रायव्हरला त्याने विचारलं, "पुढं काही पडलं का?" जीपवाला म्हणाला, "काही नाही."

"ऐकलं?" तो मला म्हणाला. "काही नाही."

"बरं झालं," मी म्हणालो. आणि मला खरंच बरं वाटलं. माझं बरोबर होतं हे दाखवायला कुठे एखादी गाडी पडलेली असावी, असं माझ्या मनात क्षणभर आलं होतं. त्याची मला लाज वाटली. पुन्हा असाच वारा आला तर मी पुन्हा उभा राहीन, काही पडो न पडो, हे मात्र त्या ढाब्यावर पक्कं झालं.

तो पुढे निघाला, मी मागे. देवलापारच्या जंगलात रस्त्यावर एक फांदी आडवी पडली होती, मांडीएवढी जाड. तो गाडी थांबवून उतरला, एकट्याने ओढून पाहिली, ती हलली नाही. मी उतरलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बुंध्याकडच्या बाजूला गेला.

"तिकडून धर," तो म्हणाला.

आम्ही ती ओढत नेऊन खाली नालीत टाकली. त्याने हात पँटला पुसले, गाडीत चढला आणि गेला. मीही निघालो. सिवनीला पोचलो तेव्हा गोदाम उघडंच होतं, हमाल बाहेर उकिडवे बसून वाट पाहत होते. मी गाडी मागे लावली आणि दार उघडून दिलं.